चौऱ्याहत्तर

रात्री अडीचला भिंतीपलीकडे
टक्.
मग बराच वेळ काही नाही.
मग टक्, टक्,
कुणी काचेची बांगडी फरशीवर आपटून बघतंय
फुटते का, तसं.
सुलभा कूस बदलते.
"जेवतोय तुमचा नातू."

कन्नमवार नगरच्या या दीड खोलीत
एसी त्याला, पंखा आम्हाला.
पाणी सव्वीस अंशांवर, मीठ मोजून.
काचेची टाकी नको, कुर्ल्याचा मुनाफ म्हणाला होता,
हा ठोसा मारतो, काच तडकते,
अ‍ॅक्रिलिक घ्या.
घेतलं. माझ्या फंडातून.

श्रावणात घरात कांदाही चिरत नाहीत,
तरी सुलभा कोथिंबिरीखाली लपवून
तिसऱ्यांचा एक वाटा आणते त्याच्यासाठी.
फोटो बघून हिराबाय हसली होती:
"अगो, याचा गरीब भाऊ येतो आमच्या जाळ्यात,
मातेरी रंगाचा. कुट्यात टाकतो त्याला, खताला.
आन तू याला एसी लावलास?"

प्रणितला बोटीवर जायचं होतं.

मी चौतीस वर्षं एकच काम केलं:
येईल त्याच्यासमोर ठिपक्यांचं पान धरायचं.
आकडा सांगा.
चौऱ्याहत्तर म्हणाला, पुढचं पान.
एकवीस म्हणाला
की रकान्यात छोटी तिरकी रेघ.
रेघ मारताना मी वर बघायचो नाही.

एका रविवारी ते पुस्तक घरी आणलं, खेळ म्हणून.
प्रणित तेव्हा सहा वर्षांचा,
गुडघ्यावर पेरूची फोड, तोंडाला तिखटमीठ.
त्यानं पानावर बोट टेकलं
आणि खणखणीत आवाजात म्हणाला, एकवीस!
मी म्हणालो, शाब्बास.

पुढची पंधरा वर्षं तो भिंतीवर जहाजं चिकटवत राहिला.
सेलोटेप मी आणून द्यायचो.

याच्या डोळ्यांत म्हणे रंग टिपणाऱ्या
बारा जातींच्या पेशी, आपल्यात तीनच.
पण शास्त्रज्ञांनी परीक्षा घेतली
तर जवळजवळचे दोन रंग
याला वेगळे सांगता येईनात.
बारा असून नापास, बाबा.
हे प्रणितनं मला दोनदा सांगितलं,
दोन्ही वेळा हसून.

एकदा टाकीपाशी उकिडवा बसला असताना
त्यानं मला विचारलं,
"कुठल्या रंगाचा आहे हो हा?"
मी चष्मा पुसला. परत पुसला.
पाठ हिरवी. म्हणजे पोपटी नाही, शेवाळाची,
कडेला मोरपिसाचा निळा,
आणि पायांशी,
पायांशी तुझ्या आईच्या कुंकवाचा.
तो ऐकत होता, मान कलती करून,
दूरच्या गावाचा पत्ता ऐकावा तसा.
"मला भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा दिसतो," म्हणाला.
"पण काय मारतो ना!"

गणपतीच्या आधी त्यानं बिळाचं तोंड
वाळू नि शिंपल्यांच्या चुऱ्यानं लिंपून घेतलं.
अकरा रात्री टक् नाही.
सुलभाला झोप लागेना.
बाराव्या सकाळी तळाशी तो पडलेला,
अख्खा, आरपार,
मिशा, हातोडे, शेपटीचा पंखा,
डोळेसुद्धा.
मी हाक मारली, ती बहुतेक खालच्या मजल्यापर्यंत गेली.

"गेला नाही बाबा. कात टाकलीय."
चिमट्यानं उचलून त्यानं ती माझ्या तळहातावर ठेवली.
ट्यूबलाइटखाली धरली मी.
डोळ्यांचीही टरफलं असतात, मला माहीत नव्हतं.
कुठलाच रंग नव्हता तिला,
ना माझ्यासाठी, ना त्याच्यासाठी.

"प्रणित, तू सहा वर्षांचा असताना..."
"माहितीये," तो म्हणाला. पंपाचं झाकण लावत होता.
"सेलोटेप देताना तुम्ही वर बघायचा नाहीत."

ती कात माझ्या जुन्या चष्म्याच्या डबीत आहे.
सुलभाला सांगितलेलं नाही.
मधूनच उघडून बघतो,
कडांना मीठ धरतंय.