डाव्या गुडघ्याबद्दल

डेल्बर्ट, तुझ्या लोरीनने फॉर्म पाठवलाय.
दहा ओळींची जागा, आणि वर छापलंय :
स्वतः पाहिलं असेल तेवढंच लिहावं.

तर लिहितो.
शहाऐंशीचा फेब्रुवारी, नॉर्थ कॅरोलायना, रात्रीची उडी.
जमीन गोठून लोखंड झालेली.
दोरीवर खाली सोडायची पिशवी तुझ्या मांडीलाच अडकून राहिली,
नव्वद पौंडांसकट तू उतरलास.
उतरलास कसला, आपटलास.
ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला.
(पाहिला नाही, ऐकला. चालेल का?)

मग नऊ मैल चालणं.
सार्जंट प्रुइट मागून शिव्या घालत होता
आणि तू हसत होतास, दात आवळून.
बराकीत मी तुझी विजार कापली :
गुडघा कलिंगडासारखा तट्ट.

दवाखान्यात तू गेला नाहीस.
गेला असतास तर नोंद झाली असती,
नोंद झाली असती तर उड्यांतून नाव कटलं असतं,
आणि उडीचा भत्ता तुला अंगठीसाठी हवा होता.
तेव्हा त्याच गुडघ्याला बाशिंग होतं तुझ्या!

आता ऑफिस म्हणतं, फाइलीत काहीच नाही.
पुढची तीस वर्षं ओहायोतली छपरं दुरुस्त केलीस,
म्हणे त्यानेच झिजला.

डॉक्टरने एक वाक्य लिहिलं की भागतं, लोरीन म्हणाली :
'नोकरीमुळे झालं असण्याची शक्यता
नसण्याइतकी तरी आहे.'
पारडी समान झाली तरी कौल तुझ्याकडे.
मी ते वाक्य तीनदा वाचलं.
देवाबद्दल, माझ्या दोन्ही लग्नांबद्दल
याहून जास्त खात्रीने मला काही सांगता आलेलं नाही.

ईस्टरला सगळ्या चर्चने गुडघे टेकले,
तू एकटा ताठ बसून होतास.
मागच्या बाकावरची बाई कुजबुजली, 'काय हा ताठा!'
हेही लिहू?

दहावी ओळ केव्हाच संपली.
सही करण्याआधी पान उलटून
मागच्या कोऱ्या बाजूला लिहितोय :
'दवाखान्यात जाऊ नकोस, कोणाला कळणार आहे'
असं त्या रात्री म्हणणारा
मीच होतो.

मजकूर खरा आहे.
माझे दोन्ही गुडघे शाबूत आहेत.