लोच

डॉक्टरीण म्हणाली, गहू बंद.
आजपासून. कायमचा.
तू विचारलंस, "रविवारी एखादा तुकडा?"
ती हसली नाही.

चाळीस वर्षं टर्लॉकच्या त्या बेकरीत
पहाटे तीनला उठून कणीक तिंबणारा माणूस
गाडीत माझ्या शेजारी
आपलीच नखं बघत बसला.
कडांना अजून पांढरं होतं.

मग मी घर धुतलं.
टोस्टर शेजारच्या अव्हिलांना दिला,
चाळण्या, पाट, तुझे ते ताठ झालेले एप्रन
कचऱ्याच्या गाडीला.
लाकूड विसरत नाही, असं पत्रकात होतं.
म्हणजे होतं इतकंच की लाकडाच्या चिरांत पीठ राहतं;
विसरत नाही, हे माझं.

लाटणं तेवढं राहिलं.
तुझ्या आईनं उर्मियाहून तीन देश ओलांडून आणलेलं,
दागिने मागे ठेवून.
वर्तमानपत्रात गुंडाळून मी ते कपाटावर सारलं,
पोलिसांपासून लपवलेल्या पाहुण्यासारखं.

बदाम काही आपल्याला नवा नाही.
बावीस वर्षं मी त्याची टरफलं काढणाऱ्या यंत्रापाशी उभी आहे.
फेब्रुवारीत ट्रकभर मधमाश्या येतात,
ऑगस्टात यंत्रं झाडांना बुंध्याशी धरून
गदागदा हलवतात, आणि आठवडाभर
वाळत घातलेल्या चादरींवर सगळ्या गावाची धूळ.
पण त्याचंच पीठ नऊ डॉलरला पिशवी!
दुकानात हातात घेतली तेव्हा वाटलं,
ओळखीच्या माणसानं अनोळखी भाषेत बोलावं, तसं.

पहिले बारा मफिन फुगले छान,
टोप्या उचलून रामराम करावा तसे.
मी ओव्हनचं दार उघडलं
आणि बाराच्या बारा बसले.
आपण ते चमच्यानं खाल्ले.
"याला लोच नाही," तू म्हणालास,
आणि उठून बाहेर गेलास.

पुढची खेप वरून करपली, आत कच्ची.
त्याच्या पुढची नात म्हणाली ओल्या वाळूसारखी लागते,
तरी दोन संपवले तिनं.
मध्ये एक रविवार.
काशानं तुला फक्त प्याला दिला, भाकर नाही.
तू परतलास तेव्हा रांगेतली माणसं बाजूला सरली,
घरात कुणी गेल्यासारखी.

त्या रात्री तीन वाजता स्वयंपाकघरात दिवा.
अंगाची सवय.
तू भांड्यात हात घालून उभा,
अंगठ्यानं बोटांवर बदामाचं पीठ घासत,
बराच वेळ.
"नहरीन," म्हणालास मागे न बघता,
"याला मळायचं नसतं गं.
आपण याच्याकडे नसलेलं मागतोय."

मग एक अंडं जास्तीचं,
मध, चिमूट मीठ, थोडा सोडा, त्यावर लिंबू;
आच नेहमीपेक्षा कमी.
ज्या खांद्यांनी चाळीस वर्षं कणकेला रेटलं
त्यांना काहीच काम नाही.
तू ओव्हनसमोर खुर्ची घेऊन बसलास,
दवाखान्याच्या बाहेर बसतात तसा,
आणि माझा हात दोनदा दाराकडे गेला
तो दोनदा धरलास.

वरून थोडे तडकले. पण उभे राहिले.
काडी घातली, कोरडी आली.
तू एक अर्धा केलास, वास घेतलास,
डोळे मिटून खाल्लास.
छान झालाय, असं म्हणाला नाहीस.
म्हणालास, "आई असती तर विचारलं असतं,
गोड झालं, आता भाकर कुठंय?"

सकाळी कपाटाखाली वर्तमानपत्र पडलेलं.
परसात टोमॅटोच्या वाकलेल्या रोपाशेजारी
लाटणं मातीत रोवलेलं, सुतळीनं बांधलेलं.
मी म्हटलं, कुजेल ते.
"पाणी घातल्यावर कुजणारच,"
असं म्हणून तू
नळी त्याच्याकडे वळवलीस.