शनिवारची उत्तरं

हो, दात मीच बनवते. दिवसभर.
पुन्ता अरेनासमधल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू
माझ्या बाकावरून गेलेलं आहे.
दात कोरून पोट भरत नाही म्हणतात;
माझं भरतं,
आणि वर रात्री नऊनंतरचे तीन तास उरतात.
त्यात हा खेळ.

आता तुमचे प्रश्न. किटली ठेवलीय.

टपालवाली उडी का मारत नाही, असं ब्राउलियो विचारतो.
बाबा रे, इथं वारा सुटला
की चौकात दोर बांधतात, माणसांनी धरून चालावं म्हणून.
उडी मारली तर ती उतरेल सामुद्रधुनीपलीकडे,
आणि पत्रं कोण वाटणार, तू?

सोपी पातळी का नाही?
आहे की. खिडकी लावून घ्या.

लाल बदकाला हरवता येतं का?
मला अजून आलेलं नाही.
ते माझ्या द्रागित्सा आत्यावर बेतलंय.
(आत्या, तू वाचत असशील तर: नाही बेतलेलं.)

टपालवालीचं लग्न झालंय का, हे सतरा जणांनी विचारलं.
तिची उंची सगळी मिळून बत्तीस ठिपके.
त्यात चेहऱ्याला सहा. नाकसुद्धा गाळावं लागलं,
अंगठी कुठं घालू?

आणि ते हिरवं दार.
तिसऱ्या गल्लीतलं, न उघडणारं.
कुणी त्याला चारशे धडका मोजून मारल्या,
कुणी नकाशे काढले,
कुणी म्हणतं, मध्यरात्री आतून शिट्टी येते.
खरं सांगते: ते दार मी चुकून भिंतीवर चिकटवलं.
गुरुवार होता, अंगात ताप होता.
काढून टाकणार होते, पण तुम्ही त्याला इतका जीव लावलात
की आता ते माझंही ऐकत नाही.
शिट्टीचं मला माहीत नाही.

सेऊलहून नऊ वर्षांची एक मुलगी विचारते,
मेंढी खरी आहे का? तिचा आवाज कुठून आणलास?

मी लिहिलं: पोर्वेनीरच्या कुरणातून.
दोन दिवस कुंपणाशी बसले होते,
मेंढी मुलाखतीला तयारच होईना.
सगळे हसले.

हे मात्र नाही लिहिलं, की
ते बाबा आहेत. झ्वोन्को रादोनिच.
जून महिना, सकाळचे साडेआठ, बाहेर काळोख,
मी कढईवर कागद घासून वारा टिपत होते
आणि टेबलापलीकडे ते खोकले.
म्हणाले, यास्ना, पूस ते.
मी पुसलं नाही. वेग निम्मा केला,
आणि निघाली मेंढी.
ऐकवलं तर इतके हसले की पुन्हा खोकला आला.
ती दुसरी, काळी मेंढी.

ऑगस्टात गेले.
त्यांच्या खालच्या कवळीचा साचा
अजून कपाटात आहे, नाव लिहिलेला,
इतर गिऱ्हाइकांच्या रांगेत.

खेळात एकवीस मेंढ्या आहेत.
कुणी आक्रात बसून, कुणी भरतकामाच्या सुट्टीत, कुणी बसथांब्यावर
त्यांच्याजवळून टपालवालीला नेतं,
आणि बाबा खोकतात.
अमुक एका रविवारी नऊशे वेळा खोकले. मी मोजणी बंद केली.

त्या मुलीचं उत्तर बदलावं का
म्हणून अर्धा तास बसून राहिले.
किटलीतलं पाणी आटलं, वास आला तेव्हा उठले.
परत येऊन लिहिलं:

मेंढी खरी आहे.
तिला थोपटायचं असेल
तर जवळ जाऊन खालचं बटण दोनदा दाब. हळू.

असं काही खेळात नाही.
उद्या रविवार आहे.