हातचा एक

रिवेरा गावात देश रस्त्याच्या मधोमध संपतो.
कुंपण नाही, नाका नाही.
या फुटपाथवर उरुग्वे,
त्या फुटपाथवर ब्राझील,
मधल्या दुभाजकावर एक पिवळट कुत्रा,
डोकं तिकडे, शेपूट इकडे,
उन्हाप्रमाणे कूस बदलणारा.

माझ्या बगलेत चोपन्न प्रश्नांचा फॉर्म.
राजधानीतल्या कचेरीनं बजावलेलं :
एक उत्तर, एक देश, एक रकाना.
जीवनमान शून्य ते दहा.
अर्धा गुण देऊ नये.

दोन्या नेल्सीरा यंत्रावरून उठल्या नाहीत.
"पाय गुंतलेत, कान रिकामे आहेत. विचार."

गॅसची टाकी?
तिकडची.
तेल, तांदूळ, साबण?
त्यांचा पैसा पडला की आम्ही पिशव्या घेऊन धावतो,
आमचा पडला की ते.
कुणाचा ना कुणाचा पडलेलाच असतो, बाई.
डॉक्टर?
इकडचा. रांग मोठी, पण नावानं हाक मारतो.
दात?
दात तिकडचे.
समोरचे दोन ब्राझीलचे आहेत, बघ,
आणि हसून दाखवले.
पेन्शन?
इकडची. चिमणीच्या चोचीएवढी,
पण तारीख चुकत नाही.
शिवणकाम?
शाळेचे पांढरे झगे आमचे,
कार्निव्हलच्या टिकल्या त्यांच्या.
कोणत्या रकान्यात घालतेस घाल.

समोर, रस्त्यापलीकडे, बहीण एलोआ.
तिचं घर दुमजली,
टीव्ही भिंतीएवढा,
खिडक्यांना गज, गजांना जाळी.
"दार उघडायला तिला चार किल्ल्या लागतात.
माझं लाथेनं उघडतं.
पण तिच्या घरात नातवंडांचा गोंगाट,
माझ्या घरात या यंत्राचा.
कर आता तुझं काय ते गणित."

संध्याकाळी दोघी दुभाजकावर बसतात,
कुत्र्याच्या दोन बाजूंना, आपापला थर्मास घेऊन.
एलोआचा माते हिरवागार, पिठासारखा दळलेला, तुंबा डोक्याएवढा.
नेल्सीराचा भरड, कडू, तुंबा मुठीत मावणारा.
पन्नास वर्षांत एकीनं दुसरीचा घोट घेतलेला नाही.
भांडण तेवढंच.

प्रश्न एकतीस. घरात माणसं किती?

यंत्र थांबलं.

"वाल्दीर तिकडे जन्मला, कारण सुईण तिकडे राहायची.
दुसऱ्या दिवशी त्याला इकडे आणला,
इथल्या कचेरीतही नाव घातलं.
दोन दाखले. दोन्ही खरे.
दोन देशांनी एकच पोर मोजलं तेव्हा.
एकोणिसाव्या वर्षी ते तिसऱ्याच देशात गेलं.
या दोघांच्या वह्यांत अजून असेल तो, हातचा धरल्यासारखा.
माझ्या टेबलाशी नाही."

स्पेनमध्ये आहे. डुकराचं मांस डब्यांत भरतो.
रविवारी फोन येतो.
बस मिनिटाला येते म्हणतो,
दवाखान्यात पैसे लागत नाहीत,
रात्री दोनला पायी घरी येतो,
मागे वळून पाहावं लागत नाही.
"मीच विचारलं त्याला, तुझ्याआधी :
दहापैकी किती रे?
आठ, म्हणाला.
मग गप्प.
इतका वेळ गप्प की मला वाटलं फोन कटला.
मग म्हणाला,
आई, इथं मला कुणी उधार देत नाही."

मी खाली पाहून शाई नसलेलं पेन झटकलं.
पेनात शाई होती.

"आणि तू?" त्या म्हणाल्या.
"तू किती देतेस स्वतःला?"
माझी खोली नवव्या मजल्यावर आहे,
खिडकीतून बंदराची क्रेन दिसते,
शेजाऱ्यांचं आडनाव मला टपालपेटीवरून माहीत आहे.
हे मी सांगितलं नाही.
प्रश्न विचारणाऱ्यानं उत्तरं देऊ नयेत,
तेही फॉर्मवर छापलेलं असतं.

त्यांनी सुईत दोरा ओवला, तिसऱ्या खेपेला गेला,
आणि एलोआ पलीकडून थर्मास हलवू लागली.
"चल, वेळ झाली. काय लिहायचं ते लिही."

मी सहा लिहिला.
भिंतीवरच्या घड्याळात तेव्हा सहा वाजले होते.
पलीकडेही सहाच.