भाषांतर कारकुनाचा पौष

मुंबईहून लखोटा आला तो पौषात.
लाल लाखेवर सिंह, आत दीड पान इंग्रजी.
साहेब म्हणाले, मोघे, उद्या दुपारपर्यंत मराठी पाहिजे,
परवा दवंडी.
पौषात कुणी कुणाला पाटावर बसवत नाही, मी पुटपुटलो.
हेडकारकून हसले : विलायतेत पौष नसतो.

बोरू तासला. शाईत थेंबभर पाणी.
राणी हा शब्द तयारच होता, अठरा वर्षं वापरातला,
काठ झिजलेल्या नाण्यासारखा, चालणारा.
आता त्याच्या डोक्यावर आणखी एक चढवायचा.

सम्राज्ञी लिहिलं.
पण तसं तर भटजी प्रत्येक नवरीला म्हणतात
आणि तिसऱ्या दिवशी ती जात्याशी बसते.
चक्रवर्तिनी लिहिलं.
मग यज्ञाचा घोडा कुठे सोडला होता? आगबोटीत?
पातशाहीण लिहिलं
आणि लगेच खोडलं. या डोंगरांनी त्या शब्दाशी
फार वर्षं भांडण काढलंय.

शेवटी साहेबच म्हणाले, वरून ठरून आलंय :
कैसर-ए-हिंद. तसंच राहू दे.

मुन्शी दाऊदमियाँना विचारलं, हा कैसर कोण?
चष्मा पुसत ते म्हणाले,
रूमचा. आधी नुसतं एका सरदाराचं नाव.
त्याला मुलगा नव्हता.
बहिणीचा नातू दत्तक घेतला, नावासकट.
पोरगा बादशहा झाला
आणि नावाची पदवी झाली.

खिडकीतून अजिंक्यतारा दिसत होता, वाळल्या गवतात.
अठ्ठावीस वर्षांपूर्वी याच साताऱ्यात
दत्तक मंजूर नाही, असा जो हुकूम आला
त्याची नक्कल माझ्या वडिलांनी केली होती.
सुरेख अक्षर. एकही खाडाखोड नाही.

काय झालं, दाऊदमियाँनी विचारलं.
म्हटलं, काही नाही, वाळू सांडली.

येसू घडशानं मंगळवार पेठेत डफ वाजवला.
ऐका हो ऐका, राणीसरकार आजपासून केसर-ए-हिंद!
माणहून खडी फोडायला आलेली एक म्हातारी
पदर सावरत पुढे झाली :
केशर वाटणार व्हय? आन् ते कशात घालू?
त्यापरीस शेरभर जोंधळं द्या म्हणावं.
येसूनं माझ्याकडे पाहिलं.
मी कागदाकडे.
दीड पानात जोंधळा नव्हता.

तोफा झाल्या. कावळे उडाले,
पुन्हा त्याच फांदीवर येऊन बसले.
शाळेतल्या पोरांना एकेक बत्तासा.

दिवेलागणीला कागद दप्तरी लावायला गेलो
तेव्हा अठ्ठेचाळीस सालचा रुमाल सोडला.
वडिलांच्या अक्षरावर माझं अक्षर ठेवलं,
नामंजूर दत्तकावर दत्तक नाव.
असं करायचा हुकूम नव्हता.
गाठ तेवढी
सरकारी पद्धतीनं मारली.