रकाना सहावा

नोकरीचा तिसरा दिवस, बर्मिंगहॅम, फेब्रुवारी,
आणि नवं पेन हटून बसलेलं.

काल रात्री सगळं केलं होतं मी.
कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब,
ओढून घेतलं, सोडलं, पुन्हा ओढून घेतलं,
कारखान्याचं तेल निघून जावं म्हणून.
टीपकागदावर आडवं ठेवून निजले.
सकाळी भरली नोंदवहीची खास शाई,
जी कागदावर उतरते फिकट निळी
आणि मग मुरत मुरत काळी होते,
इतकी काळी, की कुणाला मरण खोडता येऊ नये.
(हे मिसेस ओक्लींचं वाक्य, माझं नाही.)

रद्दी कागदावर दोन पोटांचे आठ काढत बसले होते,
आठाला आठ लागून,
प्रत्येकाचं वरचं पोट तुटलेलं,
तेव्हा तो आला. टोपी हातात.
होरेस ट्रँटर. बहिणीचा मृत्यू नोंदवायचा होता.

तारीख कशीबशी उठली.
विनिफ्रेडची पहिली रेघ अर्ध्यातच गेली.
नुसता चरा,
मांजराने दार ओरबाडावं तसा आवाज,
आणि समोर एक माणूस, ज्याला कसली घाई नाही.
तेच जास्त वाईट.

मी पेन झटकलं. फरशीवर तीन थेंब,
रकान्यात एकही नाही.
"दाबू नका," तो म्हणाला,
"विनी असती तर बोटांवर पट्टी मारली असती."

चष्मा कपाळावर सरकवून
त्याने निब खिडकीकडे धरली, एक डोळा मिटून.
बाहेर उजेड तरी कितीसा, धुणं धुतलेल्या पाण्यासारखा.
"फट मिटलीय. टोकापर्यंत उजेड दिसायला हवा,
केसाएवढा."
मग दोन्ही अंगठ्यांची नखं निबेच्या खांद्यांना लावून
जरासं, अगदी जरासं,
वाटाण्याची शेंग उकलावी तसं.

"आता."

चाललं. म्हणजे काय सांगू,
शाई हाताच्या आधी पोचत होती.
विनिफ्रेड ट्रँटर. स्त्री. जन्म एकोणीसशे दोन.
सहाव्या रकान्यापाशी विचारलं: व्यवसाय?

"निबांना फटी पाडायची.
हातदाबाच्या यंत्रावर, चौदाव्या वर्षापासून.
दिवसाला किती, ते तिला नाही, मुकादमाला ठाऊक.
बोललं की दंड."
टोपी या हातातून त्या हातात.
"पत्र मात्र तिने कुणाला लिहिलेलं आठवत नाही."

मी लिहिलं: निबेला फट पाडणारी, निवृत्त.
एक अक्षर तुटलं नाही.
खाली सही त्याची, त्याच पेनाने,
मोठ्ठी, शाळेतली, शेवटी टिंब.
टीपकागदावर उलटा होरेस उमटला.

तो गेल्यावर पाहिलं,
तिच्या नावाची पहिली रेघ अजून अर्धीच.
गिरवायची नाही, असा नियम. नोंद ती नोंद.
मिसेस ओक्ली म्हणाल्या, राहू दे,
दोन दिवसांत काळं होईल.
जे उठलंय ते होईल, मी म्हटलं.
जे उठलंच नाही त्याचं काय?

त्यांनी मला चहा घ्यायला सांगितलं.