काजळीचा दम

ओल्गीनमधली दुपार. वीज गेलेली.
एउलोहियोच्या दारात रेमिहियोची एमझेड,
त्र्याऐंशी साली साखर कारखान्यानं बक्षीस दिलेली.

प्लग काढून भोकात गेज बसवला.
गल्लीत एकच आहे तो, आज इथं, उद्या तिथं.
थ्रॉटल पूर्ण उघडा. किक. किक. अजून चार.
काटा नऊवर.
"या वयात नऊ!" रेमिहियो पायरीवरनं ओरडला.

मग हेड उतरवलं.
पिस्टनच्या माथ्यावर दुधाच्या पातेल्याला धरते
तशी खरवड, फक्त काळी.
एक्झॉस्टचं तोंड निम्मं बुजलेलं.
पेरूच्या लाकडाची पट्टी तासून
तो खरवडत बसला, लोखंडानं ओरखडे उठतात म्हणून.
थोडं रॉकेल, जुन्या बनियनचा बोळा,
आणि खाली लख्ख धातू.

पुन्हा गेज. किक. किक.
काटा सातवर अडला.

ओदालिसनं बापाकडे पाहिलं, मग मेकॅनिककडे.
"साफ केल्यावर कमी?"
एउलोहियो बराच वेळ हात पुसत राहिला.
"रिंगा कधीच्याच झिजल्यात, पोरी.
जागा अडवून
काजळीच दम धरून होती."

रेमिहियोला खोकल्याची उबळ आली.
ती ओसरल्यावर
सिगारचं थोटूक कानामागं खोचत म्हणाला,
"तुझ्या त्या डॉक्टरला सांग,
मला आतून खरवडू नकोस."